बोर्दोची बाटली घेताना गावाचं नाव वाचा

फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या रेड वाइनवर बहुतेकदा द्राक्षाचं नावच नसतं. मग कॅबर्ने जातीची द्राक्षं जास्त की मर्लो जातीची, हे दुकानात उभं राहून ओळखायचं कसं? लेबलवरच्या गावावरून.

१. पोयाक, मार्गो लिहिलं असेल तर सहसा कॅबर्ने जास्त. कोऱ्या कडक चहासारखी हिरड्यांना कोरड पाडते. मटणाबरोबर फार छान लागते. कोवळी, म्हणजे अलीकडच्या सालची, असेल तर तासभर आधी जगमध्ये ओतून ठेवा.
२. सेंट एमिलियाँ, पोमेरोल असेल तर मर्लो जास्त. मऊ, पिकल्या आलुबुखारासारखी. पहिल्यांदा चाखणाऱ्यांना मी हीच देते.
३. नुसतं ‘बोर्दो’ असेल तर बहुधा मर्लोच.

‘ग्राँ व्हँ द बोर्दो’ (बोर्दोची थोर वाइन) हे शब्द पाहून मात्र जास्त पैसे देऊ नका. ती दर्जाची हमी नव्हे.