ऑनलाइन वर्गात मुलांना बोलतं कसं करावं: रेकॉर्ड करून पाठवायच्या व्हिडिओंची पद्धत

झूमच्या मोफत खात्यावर वर्ग घेतला तर ४० मिनिटं मिळतात. हजेरी, 'मॅडम, आवाज येत नाही', कुणाचं नेट गेलं, यात सात-आठ मिनिटं जातात. उरलेल्या वेळातला निम्मा वेळ शिक्षक बोलतो. मग राहतात पंधरा-सोळा मिनिटं. वर्गात ३० मुलं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धं मिनिट येतं, आणि तेही कागदावरच. प्रत्यक्षात रोजची चार बोलकी मुलं तो वेळ वापरतात आणि बाकीची माइक बंद ठेवून ऐकत बसतात.

मी नाशिकमधून आठवी ते बारावीच्या मुलांचे इंग्रजी संभाषणाचे ऑनलाइन वर्ग घेते. सिडको, नाशिकरोडची मुलं असतात, तशी दिंडोरी, निफाड, सुरगाण्याचीही. यातली गप्प बसणारी मुलं हुशारीत कुठेही कमी नाहीत. त्यांना विचार करायला वेळ हवा असतो आणि चुकलो तर तीस जण ऐकतील ही धास्ती नको असते. दीड मिनिटाचा व्हिडिओ घरी, आपल्या सवडीने रेकॉर्ड करून पाठवायचा, या पद्धतीत दोन्ही गोष्टी साधतात. पण नुसता व्हिडिओ मागवून बोलणं सुधारत नाही. सुधारणा होते ती मूल स्वतःचं बोलणं ऐकतं आणि तोच विषय पुन्हा बोलतं तेव्हा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या दुसऱ्या रेकॉर्डिंगपर्यंत पोहोचण्यासाठी आहेत.

१. पालकांशी आधी बोला

व्हिडिओ कोण पाहणार, कुठे ठेवणार आणि कधी पुसणार, हे तीन मुद्दे लिहून पालकांना पाठवा आणि त्यांचा होकार लेखी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती हाताळायला पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या मुलीचा व्हिडिओ कुठल्या कुठल्या फोनवर फिरेल, ही आई-वडिलांची काळजी रास्त आहे. ज्यांना चेहरा दाखवायचा नाही त्यांना फक्त आवाज पाठवू द्या, किंवा कॅमेरा हातांवर आणि समोरच्या वस्तूवर ठेवू द्या. त्यासाठी गुण कापू नका आणि वर्गात कारणही विचारू नका.

२. विषय असा द्या, की ऐकणाऱ्याला त्याची गरज पडेल

बहुतेक उपक्रम इथेच फसतात. 'माझा आवडता सण' किंवा 'पर्यावरणाचे महत्त्व' असा विषय दिला की मूल निबंधाच्या पुस्तकातला उतारा पाठ करून म्हणतं. हल्ली चॅटजीपीटीकडून लिहून घेऊन वाचतं. डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना व्हिडिओत स्पष्ट दिसतात. त्यावर रागावून उपयोग नाही, कारण दोष विषयात आहे.

माणूस मोकळं बोलतो ते आपल्याला माहीत असलेलं आणि समोरच्याला माहीत नसलेलं सांगताना. माझ्या वर्गात द्राक्षबागेतली मुलं आहेत. एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधली फळछाटणी यांत काय फरक असतो, वेलीला वर्षात दोनदा का छाटायचं, हे त्यांना पाठांतराशिवाय सांगता येतं. सिडकोतल्या फ्लॅटमधल्या मुलाला यातलं काही ठाऊक नसतं, त्यामुळे तो खरोखर ऐकतो. उलट त्या सिडकोच्या मुलाने दिंडोरीहून येणाऱ्या मित्राला सांगावं, की सीबीएस बसस्थानकावर उतरल्यावर कॉलेज रोडला कसं यायचं, कुठे वळायचं, रिक्षावाल्याला काय सांगायचं. लासलगावकडच्या मुलीने कांद्याची प्रतवारी समजावून सांगावी. पंचवटीतल्या मुलाने बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, भरणाऱ्या बाजारात काय कुठे मिळतं ते सांगावं.

ऐकणाऱ्यालाही काम द्या. रस्ता ऐकून त्याने नकाशा काढायचा. छाटणीची माहिती ऐकून वर्षाचं वेळापत्रक मांडायचं. नकाशा चुकला, तर सांगणाऱ्याला शिक्षकाने काही बोलायच्या आतच कळतं, की आपलं 'लेफ्ट' आणि 'राइट' कुठेतरी उलटं झालं. अशी दुरुस्ती मुलं विसरत नाहीत.

सुरगाणा, पेठच्या मुलांच्या घरी कोकणा आदिवासींची कोकणी बोलली जाते, बागलाणकडच्या काहींच्या घरी अहिराणी. त्यांना इंग्रजीत अडलेला एखादा शब्द घरच्या भाषेत म्हणून पुढे जाऊ द्या. वाक्य तुटण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

३. वेळ कमी ठेवा आणि वाचायला बंदी करा

सुरुवातीला ६० सेकंद, महिन्याभराने ९०. दोन मिनिटांच्या पुढे जाऊ नका. लहान वेळेत मुलाला काय सांगायचं ते निवडावं लागतं आणि दुसऱ्यांदा बोलायचा कंटाळा येत नाही.

पूर्ण वाक्यं लिहायची नाहीत. वहीच्या पानावर फक्त पाच-सहा शब्द लिहायचे, तेही मोठ्या अक्षरात, आणि पान कॅमेऱ्याच्या मागे टेकवायचं. हा नियम पहिल्या आठवड्यापासून पाळला गेला पाहिजे. एकदा वाचून दाखवायची सवय लागली की ती मोडायला फार वेळ जातो.

४. रेकॉर्डिंगची तयारी

महागडं काही लागत नाही. उजेड तोंडावर यावा म्हणून खिडकीकडे तोंड करून बसायचं, पाठ करून नाही. फोन पुस्तकांच्या थप्पीवर डोळ्यांच्या उंचीला टेकवायचा. पंखा बंद. तारेचे साधे इअरफोन असतील तर त्यांचा माइक वापरायचा. फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, म्हणजे मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटत नाही. कुकरची शिट्टी, मागून जाणारी आजी, गल्लीतला भाजीवाला हे सगळं चालतं. घर शांत नाही म्हणून मूल मागे पडता कामा नये.

एका गोष्टीकडे मात्र नक्की लक्ष द्या: कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये दर्जा कमी करून घ्या. फुल एचडीत एका मिनिटाचा व्हिडिओ फोनच्या प्रकारानुसार साधारण ६० ते १३० एमबी होतो. गावाकडे नेट मंद असतं, आणि घरातला एकच डेटा पॅक सगळ्यांत वाटला जात असतो. चेहरा आणि ओठ दिसायला ४८० पी पुरेसं आहे.

५. कुठे मागवायचे

मुलांना जे आधीपासून वापरता येतं तेच निवडा. व्हॉट्सॲप बहुतेक घरांत असतं आणि ते व्हिडिओ आपोआप लहान करतं. पण व्हिडिओ गटावर न टाकता शिक्षकाला वैयक्तिक पाठवायला सांगा. गटावर पडलेला व्हिडिओ परत घेता येतो हा समज खोटा आहे, तोवर तो दहा फोनांत उतरलेला असतो.

गुगल फॉर्मवरून फाइल मागवली तर सगळे व्हिडिओ एका जागी, नावानिशी जमतात. त्यासाठी मुलांना गुगल खात्यात लॉगिन करावं लागतं आणि जागा शिक्षकाच्या ड्राइव्हची खर्ची पडते. मोफत खात्यात जीमेल आणि फोटो धरून १५ जीबी असतात. ३० मुलांनी दर आठवड्याला १०० एमबी पाठवले तर पाच आठवड्यांत खातं भरतं. दर्जा कमी करायला सांगितलं ते यासाठीही.

खास याच कामासाठी बनलेली ॲप येतात आणि जातात. जगभरातले शिक्षक वापरत असलेलं फ्लिपग्रिड मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये घेतलं, पुढे त्याचं नाव फ्लिप केलं आणि २०२४ मध्ये स्वतंत्र स्वरूपात बंदही केलं. म्हणून पद्धत ॲपवर बेतू नका. साधी फाइल पाठवता आली की काम भागतं.

मुदत ठरवताना घरातल्या फोनचा विचार करा. पुष्कळ घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर अंबडच्या किंवा सातपूरच्या कंपनीत असतो. मी विषय गुरुवारी देते आणि सोमवारी सकाळपर्यंत मुदत ठेवते. त्यात रविवार येतो, आणि तीन-चार संध्याकाळीही मिळतात.

६. पहिलं रेकॉर्डिंग, मग ऐकणं, मग दुसरं

मूल पहिल्यांदा बोलतं ते रेकॉर्डिंग पुसायचं नाही, हे ठासून सांगा. नाहीतर मुलं निर्दोष व्हिडिओच्या मागे लागून वीस वेळा रेकॉर्ड करतात, थकतात आणि शेवटी लिहून वाचतात. रेकॉर्डिंग दोनच करायची. पहिलं जसं होईल तसं ठेवायचं. मग थोडं थांबून ते ऐकायचं.

स्वतःचा आवाज ऐकून मुलं हमखास म्हणतात, 'मॅडम, हा माझा आवाज नाहीच.' त्यांना कारण सांगा. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून कानात येतो आणि कवटीच्या हाडांतूनही आत पोहोचतो, त्यामुळे तो आपल्याला भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून गेलेला आवाज असतो. बाकी सगळे आपल्याला तसंच ऐकतात. हे कळलं की लाज बरीचशी ओसरते.

ऐकताना काय शोधायचं ते आधी ठरवून द्या, आणि एका वेळी एकच गोष्ट द्या. एका आठवड्यात फक्त भूतकाळ: काल घडलेलं सांगताना 'गो' म्हटलं की 'वेन्ट'? दुसऱ्या आठवड्यात प्रश्नांची रचना, कारण मराठीच्या वळणाने 'व्हेअर यू आर गोइंग' असं सहज तोंडात येतं. तिसऱ्या आठवड्यात 'शिप' आणि 'शीप' यांतला ऱ्हस्व-दीर्घ. पुढे कधीतरी, 'म्हणजे... म्हणजे...' करत आपण नेमके कुठे अडलो, तेवढंच. मूल वहीत दोन ओळी लिहितं: काय सापडलं आणि दुसऱ्यांदा काय बदलणार. मग तोच विषय पुन्हा बोलतं आणि दोन्ही रेकॉर्डिंग पाठवतं.

एकच मजकूर पुन्हा बोलण्याने ओघ येतो, यावर भाषाशिक्षणात जुना अभ्यास आहे. ४-३-२ नावाच्या पद्धतीत एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या श्रोत्यांना आधी चार, मग तीन, मग दोन मिनिटांत सांगायची असते. पॉल नेशन यांनी १९८९ मध्ये या पद्धतीवर लिहिलं. काय बोलायचं हे एकदा डोक्यात बसलं की लक्ष कसं बोलायचं याकडे जातं आणि अडखळणं कमी होतं. वर्ग सरावला की हेच करून पाहा: पहिलं रेकॉर्डिंग ९० सेकंदांचं, दुसरं तोच मजकूर ६० सेकंदांत.

७. शिक्षकाने किती आणि काय सांगायचं

हिशोब करू. ३० मुलांची दीड-दीड मिनिटाची दोन रेकॉर्डिंग म्हणजे ९० मिनिटं नुसतं ऐकणं. प्रत्येकाला सविस्तर अभिप्राय द्यायचा म्हटलं तर आठवड्याची एक पूर्ण संध्याकाळ जाते, आणि दोन महिन्यांत शिक्षकच हा उपक्रम गुंडाळतो. म्हणून वर्गाचे तीन गट करा. दर आठवड्याला एका गटाची दोन्ही रेकॉर्डिंग नीट ऐकायची, बाकीच्यांचं फक्त दुसरं ऐकून 'पोहोचलं' म्हणून एक ओळ पाठवायची. वेळापत्रक मुलांनाही सांगा, म्हणजे आपल्याला डावललं असं कुणाला वाटणार नाही.

अभिप्राय लिहून देऊ नका, बोलून पाठवा. अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पुरतो, आणि मुलाला उच्चारही ऐकायला मिळतो. दोन गोष्टी सांगायच्या: काय नीट समजलं आणि एक काय बदलायचं. जागा नेमकी सांगा: '२२ व्या सेकंदाला ऐक, तिथे वाक्य अर्धं सुटलंय.' बारा चुका ऐकू आल्या तरी अकरा पुढच्या आठवड्यांसाठी ठेवा. पहिल्या आणि दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये झालेला बदल आवर्जून सांगा, कारण तो मुलाच्या स्वतःच्या मेहनतीचा आहे.

गुण द्यायचेच असतील तर दोन्ही रेकॉर्डिंग केली का आणि ठरवलेली गोष्ट बदलली का, यावर द्या. उच्चार साहेबी आहे की नाही, यावर कधीही नाही.

८. चालू वर्गाशी जोडा

रेकॉर्डिंगमध्ये समोरचा माणूस मध्येच प्रश्न विचारत नाही आणि 'काय म्हणालास?' असं थांबवतही नाही. तो सराव फक्त समोरासमोरच होतो. त्यामुळे व्हिडिओमुळे वाचलेला वेळ वर्गात त्यासाठी खर्च करा. मी मंगळवारच्या वर्गात मुलांना तिघा-तिघांच्या ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे झूममधल्या छोट्या वेगळ्या गटांत, टाकते. रेकॉर्ड केलेलाच विषय ते एकमेकांना सांगतात आणि ऐकणाऱ्याने दोन प्रश्न विचारायचेच असतात. तोच मजकूर तोंडून दोनदा गेलेला असल्यामुळे एरवी माइक बंद ठेवणारी मुलंही इथे बोलतात. कुणाचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवायचा असेल तर आधी त्या मुलाला एकट्याला विचारा, आणि नाही म्हटलं तर विषय तिथेच सोडा.

सत्राच्या शेवटी प्रत्येकाला त्याचं जूनमधलं पहिलं रेकॉर्डिंग आणि ताजं रेकॉर्डिंग एकामागून एक ऐकायला द्या. हे दोन व्हिडिओ मुलाच्या फोनवर राहू देत. तुमच्या ड्राइव्हवरचं आणि फोनच्या गॅलरीतलं बाकी सगळं, पालकांना कळवलेल्या तारखेला पुसून टाका. ट्रॅशही रिकामा करा आणि तसं पालकांच्या गटावर कळवा.