विरोधी खासदाराचं संसदेतलं काम तपासताय? वीज, शेती आणि अर्थकारणाच्या बाबतीत या चुका टाळा

निवडणूक जवळ आली की खासदारांच्या कामाचे तक्ते मोबाइलवर फिरू लागतात. हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके, चर्चेत सहभाग इतक्या वेळा. सत्ताधारी खासदाराला निधी, पूल, रस्ते दाखवता येतात. विरोधी बाकांवरच्या खासदाराकडे दाखवण्यासारखं मुख्यतः एकच असतं: त्यानं सभागृहात काय विचारलं, काय मांडलं, कुठे अडवलं. ते नीट वाचलं गेलं नाही, तर चांगलं काम करणारा झाकला जातो आणि नुसती संख्या वाढवणारा पुढे येतो. मतदारासाठी, पत्रकारितेच्या विद्यार्थ्यासाठी आणि पक्षाच्या कार्यकर्त्यासाठीही हे नुकसानच आहे.

प्रश्नांची संख्या मोजून थांबणं

ही सर्वांत जास्त होणारी चूक. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. राज्यसभेत १५ आणि १६०. कुणाचा प्रश्न यादीत येणार हे सोडतीनं ठरतं. तारांकित प्रश्नाला मंत्र्यानं तोंडी उत्तर द्यायचं असतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात; अतारांकिताला फक्त लेखी उत्तर मिळतं. पण तासाभरात मोजक्याच प्रश्नांची पाळी येते, उरलेल्यांची उत्तरं लेखीच मिळतात. शिवाय एकाच प्रश्नाखाली अनेक खासदारांची नावं असतात आणि तो प्रश्न प्रत्येकाच्या खात्यात मोजला जातो. त्यामुळे ‘५०० प्रश्न विचारले’ या वाक्यातून खासदार सजग आहे की त्याचं कार्यालय कार्यक्षम आहे, हे कळत नाही.

त्याऐवजी त्याचा दुसरा प्रश्न शोधा. सौर कृषीपंपांबद्दल त्यानं पावसाळी अधिवेशनात विचारलं, उत्तर गुळमुळीत आलं. मग हिवाळी अधिवेशनात त्याच उत्तरातला कच्चा धागा पकडून तो परत आला का? राज्यनिहाय आकडे मागितले का? मंजूर पंप आणि प्रत्यक्ष बसवलेले पंप यांतला फरक विचारला का? माझ्या मते विरोधी खासदाराची पारख इथेच होते. पहिला प्रश्न वर्तमानपत्रातल्या बातमीवरूनही विचारता येतो. दुसऱ्यासाठी पहिल्याचं उत्तर वाचावं लागतं.

हजेरीचंही तसंच. मंत्री आणि विरोधी पक्षनेता हजेरीपटावर सही करत नाहीत, त्यामुळे तक्त्यात त्यांचा रकाना रिकामा दिसला तर गैरहजेरी समजू नका. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले होते, आणि निलंबित सदस्यांचे प्रश्नही यादीतून वगळले गेले. त्या अधिवेशनातली संख्या कमी दिसणारच. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, फक्त अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं मिळाली. काळाचा संदर्भ सोडून केलेली तुलना अन्यायाची ठरते. आणि ‘संसदरत्न’ हा सन्मान खासगी संस्था देते, तो संसदेनं दिलेला नसतो. तोही बराचसा अशाच संख्यांवर आधारलेला असतो.

शेतीचे प्रश्न फक्त कृषी मंत्रालयात शोधणं

‘आमच्या खासदारानं शेतीवर पाचच प्रश्न विचारले’ अशी तक्रार ऐकली की आधी विचारावं, शोधलं कुठे? केंद्रात शेतकऱ्याचं आयुष्य अनेक मंत्रालयांत वाटलेलं आहे. युरिया आणि इतर खतं रसायन व खत मंत्रालयाकडे. कापूस खरेदी करणारं कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली. उसाची एफआरपी (कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान दर), साखरेचं धोरण आणि कांद्याचा राखीव साठा हे ग्राहक व्यवहार, अन्न आणि सार्वजनिक वितरण मंत्रालयाच्या कक्षेत. इथेनॉलची खरेदी तेल कंपन्या करतात, म्हणून तो प्रश्न पेट्रोलियम मंत्रालयाकडेही जातो. पीककर्जाचा प्रश्न अर्थ मंत्रालयाकडे, सहकारी संस्थांचा २०२१ पासून सहकार मंत्रालयाकडे.

कांद्याचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांदा निर्यातीवर बंदी घातली आणि मे २०२४ मध्ये ती उठवताना ५५० डॉलर प्रतिटन किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. नाशिक पट्ट्यात या निर्णयानं काय झालं ते वेगळं सांगायला नको. बंदीची अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या विदेश व्यापार महासंचालनालयाची होती. म्हणजे कांद्यावर सर्वांत नेमका प्रश्न विचारणारा खासदार कृषी मंत्रालयाच्या यादीत कदाचित दिसणारही नाही.

ऊर्जेची विभागणीही अशीच आहे: विद्युत, नवीन व नवीकरणीय ऊर्जा, कोळसा, पेट्रोलियम व नैसर्गिक वायू, शिवाय अणुऊर्जा विभाग. २०१९ मध्ये सुरू झालेली पीएम-कुसुम योजना शेतातल्या पंपासाठी असली तरी ती नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाची आहे. शोधताना मंत्रालयाऐवजी विषयाचा शब्द टाका: पंप, कांदा, सोयाबीन, कापूस, एफआरपी. चित्र बरंच बदलेल.

इथेच आणखी एक गफलत होते. रात्रीच्या भारनियमनाबद्दल किंवा बाजार समितीतल्या वजनकाट्याबद्दल खासदारानं आवाज उठवला नाही, असं म्हटलं जातं. शेती हा राज्यसूचीतला विषय आहे. वीज समवर्ती सूचीत असली तरी वितरणाचं काम राज्याच्या कंपन्या पाहतात, आपल्याकडे महावितरण. दिल्लीत असा प्रश्न विचारला की ‘हा विषय राज्याच्या अखत्यारीत आहे’ हे ठरलेलं उत्तर येतं. त्यासाठी आमदाराला धरा. खासदाराला विचारायचं ते केंद्राच्या हातात असलेलं: आयात-निर्यात, हमीभाव, खतावरचं अनुदान, कोळशाचा पुरवठा, केंद्राच्या योजनेतला पैसा.

उत्तरातले आकडे न तपासता गिळणं

मंत्र्याचं उत्तर सहसा खोटं नसतं. ते बारकाईनं बांधलेलं असतं. खासदारानं ती बांधणी ओळखली का, हे तपासायचं तर आपल्यालाही ती ओळखता यायला हवी.

हमीभाव: २०१८-१९ च्या अर्थसंकल्पापासून सरकार सांगतं की हमीभाव उत्पादन खर्चाच्या किमान दीडपट आहे. कोणता खर्च? सरकारी हिशेबात तो ए२ अधिक एफएल असतो, म्हणजे खिशातून गेलेला खर्च आणि घरच्या माणसांच्या श्रमाचं मोल. सी२ मध्ये स्वतःच्या जमिनीचं खंडमूल्य आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याजही धरतात. शेतकरी संघटनांची मागणी सी२ वर पन्नास टक्क्यांची आहे. ‘दीडपट दिला’ आणि ‘दीडपट दिलाच नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच दिवशी सभागृहात बोलली जातात, ती यामुळे. ज्या खासदारानं प्रश्नात ‘सी२’ हा शब्द घातला, त्यानं सरकारची पळवाट आधीच बंद केली असं समजा.

वीज: स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांची सरमिसळ दोन्ही बाकांवरून होते. एक मेगावॉटचा प्रकल्प वर्षभर पूर्ण क्षमतेनं अखंड चालला तर ८७ लाख ६० हजार युनिट वीज होईल. सौर प्रकल्पातून साधारण त्याच्या पाचव्या हिश्शाइतकीच मिळते, कारण रात्र असते, ढग असतात. भारताच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून इतर) स्रोतांचा वाटा २०२५ मध्ये निम्म्यावर गेला. निर्मितीत मात्र कोळशाचाच वाटा सर्वांत मोठा राहिला. भाषणात ‘निम्मी वीज हरित’ असं ऐकू आलं, तर मेगावॉट की युनिट, हे पाहा.

कर्ज: ‘उद्योगपतींची लाखो कोटींची कर्जं माफ केली’ हे विरोधी भाषणांतलं आवडतं वाक्य. बँकांनी कर्ज निर्लेखित केलं म्हणजे ते ताळेबंदातून काढलं; कर्जदाराची देणेदारी संपत नाही आणि वसुलीची कारवाई चालू राहते. शेतकऱ्याची कर्जमाफी ही वेगळी गोष्ट. पण म्हणून विरोधकाचा मुद्दा निकालात निघाला असंही नाही. खरा प्रश्न पुढचा आहे: निर्लेखित कर्जातलं वसूल किती झालं? हा प्रश्न विचारणारा खासदार आणि नुसता ‘माफ केलं’ म्हणून ओरडणारा खासदार यांना एकाच तागडीत घालू नका.

अर्थसंकल्प: तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन वेगळे आकडे. योजनेची तरतूद वाढली म्हणून सत्ताधारी टाळ्या घेतात, सुधारित अंदाजात ती खाली येते, आणि प्रत्यक्ष खर्च त्याहून कमी निघतो तेव्हा फारसं कुणी बघत नाही. तिथे बघणारा खासदार दुर्मीळ असतो.

भाषणातला आकडा तपासून एवढ्यावरच निवाडा देणं

१९६३ मध्ये पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत आलेल्या समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी सांगितलं की देशातले २७ कोटी लोक रोज तीन आण्यांवर जगतात. नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा दिला. नुसता हिशेब तपासणारा विचारेल, खरं कोण? पण पंधरा आणे ही सरासरी होती आणि लोहिया तळातल्या माणसांबद्दल बोलत होते. दोन वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या जात होत्या. सरकारला सरासरीच्या आडून बाहेर यावं लागलं, गरिबी कशी मोजायची याची चर्चा सभागृहात करावी लागली. विरोधी सदस्याचं यश असंही असतं.

याचा अर्थ विरोधकानं कसाही आकडा फेकावा असा नाही. संसदेत बोललेल्या शब्दासाठी घटनेच्या कलम १०५ नुसार न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण आहे. म्हणूनच त्याची पडताळणी वाचकानं करायची असते. खासदाराच्या तोंडचा आकडा आणि मंत्र्यानं लेखी उत्तरात दिलेला आकडा, दोन्ही आपल्या लेखात ‘संसदेत सांगण्यात आलं’ अशा एकाच वाक्यात कोंबू नका. कोण बोललं ते लिहा.

विधेयक मंजूर झालं नाही म्हणून ते वाया गेलं असं मानणं

आजवर खासगी सदस्यांची, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांची, फक्त १४ विधेयकं कायदा झाली आहेत, शेवटचं १९७० मध्ये. म्हणजे मंजुरी हीच कसोटी लावली तर पन्नास वर्षांतले सगळेच खासदार नापास. २०१८ मध्ये हातकणंगल्याचे तेव्हाचे खासदार राजू शेट्टी यांनी हमीभावाच्या हक्काचं आणि कर्जमुक्तीचं अशी दोन खासगी विधेयकं लोकसभेत मांडली. त्याआधीच्या वर्षी त्यांचा पक्ष सत्ताधारी आघाडीतून बाहेर पडला होता. सभागृहाची मुदत संपल्यावर विधेयकं व्यपगत झाली, म्हणजे आपोआप रद्द झाली. पण हमीभावाला कायद्याचा आधार द्यायचा तर तो कसा लिहायचा, याचा मसुदा त्यामुळे सभागृहाच्या दप्तरी आला. अशा विधेयकाचा मजकूर उघडून वाचा. यंत्रणा कोणती सुचवली आहे, पैसा कुठून येणार, हे त्यात आहे की फक्त शीर्षक भारदस्त आहे? संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, खर्च होणार असेल तर कलम ११७ प्रमाणे राष्ट्रपतींची शिफारसही लागते, हेही ध्यानात असू द्या.

कपात सूचनांकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. एखाद्या मंत्रालयाची मागणी (खर्चासाठी सभागृहाकडे मागितलेली रक्कम) १ रुपयावर आणा म्हणजे धोरणच अमान्य. १०० रुपयांनी कमी करा म्हणजे विशिष्ट तक्रार नोंदवणं. त्या फेटाळल्याच जातात, पण खासदाराचा आक्षेप नेमका कशावर आहे ते तिथे लेखी सापडतं. कधी तीही संधी मिळत नाही: २०१८ आणि २०२३ मध्ये सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना, गिलोटिन लावून मंजूर झाल्या. अशा वर्षी ‘कृषी मंत्रालयाच्या मागण्यांवर बोलला नाही’ हा ठपका खासदारावर ठेवता येत नाही.

मतदानाची नोंद असतेच असं गृहीत धरणं

बहुतेक निर्णय आवाजी मतदानानं होतात आणि त्यात कुणी काय मत दिलं याची नावनिशीवार नोंद राहत नाही. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत कृषी विधेयकं अशीच मंजूर झाली. विरोधकांनी मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाच्या मताची नोंद होणारं मतदान, मागितलं होतं, ते झालं नाही, आणि दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. त्यात महाराष्ट्रातले राजीव सातव होते. मतविभागणी झाली तरी पक्षादेशाबाहेर मत देणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं, म्हणून मतावरून व्यक्तीची भूमिका ठरवताना जपून.

समित्यांबाबत थोडक्यात: ऊर्जा, कृषी, अर्थ अशा स्थायी समित्यांत प्रत्येकी ३१ सदस्य असतात, बैठका गोपनीय असतात, त्यामुळे तिथे कोण किती बोललं हे कळत नाही. पण अहवाल प्रसिद्ध होतात आणि असहमतीच्या टिपणीखाली नाव असतं. विरोधी खासदाराच्या नावाची टिपणी मिळाली तर ती आधी वाचा. २०२२ चं वीज दुरुस्ती विधेयक ऊर्जा समितीकडे गेलं होतं. कृषी विधेयकं कुठल्याही समितीकडे गेली नव्हती.

शोधूनही काही सापडत नसेल तर

संसदेच्या संकेतस्थळावर आधी लोकसभेचा क्रमांक बरोबर निवडलाय का ते पाहा. सतराव्या लोकसभेतलं काम अठराव्यात दिसणार नाही. नाव इंग्रजी आद्याक्षरांनी नोंदलेलं असू शकतं, म्हणून आडनावानंच शोधा. उत्तराच्या फाइलची पहिली दोन पानं वाचून सोडू नका. जिल्हा किंवा राज्यनिहाय आकडे शेवटी परिशिष्टात असतात. ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं उत्तर असेल तर तिथे थांबू नका. ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं, आणि न झालं तर शासकीय आश्वासन समिती जाब विचारू शकते. त्या समितीच्या अहवालात शोधा.

भाषणाची चित्रफीत आणि छापील वृत्तान्त यांत फरक दिसला, तर काही शब्द कामकाजातून वगळले गेले असतील, किंवा तुम्ही अजून दुरुस्त न झालेला मसुदा वाचत असाल. आणि खासदार मराठीत बोलला असेल तर वृत्तान्तात बहुधा भाषांतर असतं. त्याचे मूळ शब्द हवे असतील तर संसद टीव्हीची चित्रफीत ऐकून स्वतः उतरवून घ्या.