लिनक्स टाकताना मशीन हँग होतंय? या चुका टाळा

इन्स्टॉलरची पट्टी अर्ध्यावर थांबते, पाच मिनिटं काहीच हलत नाही आणि आपला हात आपसूक पॉवर बटणाकडे जातो. पहिली चूक तिथेच होते. पट्टी थांबली म्हणून मशीन थांबलंच असं नाही. पेन ड्राइव्ह जुना असेल तर फाइल्स कॉपी व्हायला खरंच वेळ लागतो. शिवाय अपडेट्स आत्ताच उतरवायचे म्हणून आपणच टिक केलेली असते आणि इन्स्टॉलर बिचारा सर्व्हरची वाट बघत बसतो. नेट बंद ठेवून इन्स्टॉल करा, अपडेट नंतर होतात.

खरंच हँग झालंय का, हे बघायला कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जिवंत आहे, अडकलाय तो इन्स्टॉलर. दिवा ढिम्म असेल तर बहुधा सगळंच गोठलंय. तरीही एकदा कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ एकत्र दाबून पाहा. काळ्या पडद्यावर लॉगिन आलं तर नशीब समजा. तिथे कर्नलचे संदेश दाखवणारी डीमेसेज ही कमांड सुडो लावून (sudo dmesg) चालवा आणि शेवटच्या ओळी वाचा. त्यात 'आय/ओ एरर' पुन्हा पुन्हा दिसत असेल तर दोष डिस्कचा, केबलचा किंवा पेन ड्राइव्हचा. मग लिनक्सला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक म्हणजे आयएसओ, म्हणजे डाउनलोड केलेली इन्स्टॉलची फाइल, न तपासता वापरणं. डाउनलोड पानावर शा-२५६ (SHA-256) चा ६४ अक्षरी आकडा, म्हणजे फाइलचा जणू ठसा, दिलेला असतो, तो आपल्या फाइलच्या आकड्याशी जुळवायला एक मिनिट पुरतं. एकच फाइल रोज त्याच टक्क्यावर अडकत असेल तर आधी हेच करा, मग दुसऱ्या पेन ड्राइव्हवर नव्याने लिहा.

तिसरी चूक माझी स्वतःची. एका जुन्या लॅपटॉपवर इन्स्टॉलेशन कधी २० टक्क्यांवर, कधी ७० वर गोठायचं. मी तीन डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्या, बदलल्या, दोन संध्याकाळी घालवल्या. शेवटी रॅम तपासणारा मेमटेस्ट लावला तर लाल ओळींचा पाऊस! रॅमची एक पट्टी खराब होती, ती काढल्यावर पहिल्याच डिस्ट्रोने मुकाट्याने काम केलं. तेव्हा लक्षात ठेवा: दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडकत असेल तर संशय रॅमवर किंवा तापलेल्या मशीनवर घ्या. मेमटेस्ट निदान एक फेरी पूर्ण होऊ द्या, रात्रभर चालला तर उत्तम. एक जरी एरर आली तरी ती रॅम भरवशाची नाही.

इन्स्टॉलर दिसायच्या आधीच पडदा काळा पडतो किंवा लोगोवर गोठतो, तेव्हा मात्र गुन्हेगार बहुतेकदा ग्राफिक्स. एनव्हिडिया कार्ड असेल आणि कर्नलमधल्या नूव्हो ड्रायव्हरशी त्याचं जमलं नाही की हे होतं. ग्रब मेनूत, म्हणजे बूट होताना पहिल्यांदा दिसणाऱ्या यादीत, इन्स्टॉलची ओळ निवडून 'ई' दाबा. 'लिनक्स' (linux) शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा आणि तिच्यात 'क्वाएट स्प्लॅश' (quiet splash) खोडून त्या जागी 'नोमोडसेट' (nomodeset) लिहा, सगळं लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता. मग एफ१०. 'क्वाएट स्प्लॅश' गेल्यामुळे लोगोऐवजी बूटचे संदेश पळताना दिसतात आणि तरीही अडकलं तर शेवटची ओळ फोटो काढण्यासारखी असते.

इथेच लोक उतावीळ होतात. 'नोमोडसेट', 'एसीपीआय ऑफ' (acpi=off), सिक्युअर बूट बंद, बायोसमध्ये डिस्कचा मोड रेडचा (RAID) एएचसीआय (AHCI), सगळं एका दमात. मग चाललं तरी कशामुळे चाललं ते कळत नाही. त्यातून विंडोज ठेवायचं असेल तर तयारी न करता एएचसीआय केल्यावर विंडोजच बूट होत नाही. एका वेळी एकच बदल करा. 'एसीपीआय ऑफ' तर अगदी शेवटी, कारण त्याने बॅटरी आणि पंख्याचं नियंत्रणही जाऊ शकतं.

ग्रबमध्ये केलेला बदल त्या एका बूटपुरताच असतो. इन्स्टॉलेशन पार पडून पहिल्या रीस्टार्टला पुन्हा काळा पडदा आला तर घाबरू नका, तेच 'नोमोडसेट' पुन्हा टाका. आत शिरल्यावर एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवा आणि पुढच्या बूटला 'नोमोडसेट' वगळा. ते तसंच ठेवलं तर रिझोल्यूशन अडकून राहतं आणि व्हिडिओ अडखळत चालतात.