पिकअप ओढत नाही? गिअरबॉक्स खोलायच्या आधी हे पाहा

कापूस भरून जिनिंगला निघालेली जुनी पिकअप चढावर नुसती रेस घेते, पुढे सरकत नाही. असं झालं की लोक थेट गिअरबॉक्स खोलायला देतात. दोष पुष्कळदा क्लचचा असतो, आणि तो अंगणातच कळतो.

१. गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. इंजिन सुरू करून चौथा गिअर टाका आणि थोडी रेस देत क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लचची प्लेट (इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी चकती) पकडते आहे. चालूच राहिलं तर प्लेट घसरते आहे. मात्र त्याआधी क्लचच्या पेडलला थोडी मोकळी चाल (जोर लागण्याआधीची ढिली हालचाल) आहे ना, हे बघा. ती नसेल तर नवी प्लेटही घसरते.

२. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात, चालू असताना करकरतात? मग क्लच पूर्ण सुटत नाही. आधी केबल किंवा क्लचच्या डबीतलं ऑइल पाहा. हे काम स्वस्तात होतं.

३. न्यूट्रलमधला घरघर आवाज क्लच दाबल्यावर थांबला, तर गिअरबॉक्सचं बेअरिंग तपासायला सांगा. दाबल्यावरच सुरू झाला तर दोष बहुधा रिलीज बेअरिंगचा, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा.

पहिली चाचणी एकदाच करा, पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटही जळते. गाडीच्या पुढे कोणी, विशेषतः पोरंसोरं, उभं नको.