इंजिनचं माउंटिंग घरी बदलताना

एसी लावून इंदुरात पलासियाच्या सिग्नलला उभं राहिलं की स्टिअरिंग थरथरतं. रिव्हर्समधून पहिल्यात टाकून क्लच सोडला की बोनेटखाली ‘धप्’ होतं. वेग वाढवताना गिअरचा दांडा हातात हलतो. यातलं एखादं जरी होत असेल, तर इंजिनची माउंटिंग, म्हणजे इंजिनला बॉडीवर धरणारे रबरी आधार, तपासायला हवीत. पण थरथर झाली म्हणजे माउंटिंगच गेलं, असं नाही. प्लग किंवा कॉइल कमजोर झाली, थ्रॉटल बॉडीत काजळी बसली, सायलेन्सरचं लटकतं रबर तुटून पाइप बॉडीला टेकला, तरी गाडी अशीच थरथरते. आधी ते बघा, स्वस्तात सुटतं.

माउंटिंगची परीक्षा सोपी आहे. सपाट जागी हँडब्रेक ओढा, चाकांना विटा लावा, बोनेट उघडा. गाडीत बसलेल्याने ब्रेक गच्च दाबून अर्ध्या क्लचवर आधी पहिला, मग रिव्हर्स टाकून इंजिनला किंचित ताण द्यायचा. तुम्ही बाजूला उभं राहून बघायचं. गाडीच्या पुढे किंवा मागे उभं राहायचं नाही. इंजिन बोटाच्या जाडीइतकं कलतं, ते चालतं. इंचभर उसळून आपटलं, तर एखादं माउंटिंग नक्की गेलंय.

आडव्या इंजिनाच्या बहुतेक छोट्या गाड्यांना तीन माउंटिंग असतात: एक टायमिंगच्या (टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या) बाजूला, एक गिअरबॉक्सवर, आणि एक खाली किंवा मागे. या तिसऱ्याला टॉर्क रॉड म्हणतात. पहिली दोन वजन पेलतात. टॉर्क रॉड फक्त इंजिनचं पुढे-मागे कलणं आवरतो. म्हणून उभ्या गाडीतली थरथर बहुधा वरच्या दोघांपैकी एकाची असते आणि क्लच सोडतानाचा ‘धप्’ बहुधा टॉर्क रॉडचा. टायमिंगकडचं माउंटिंग पुष्कळ गाड्यांत आतून द्रव भरलेलं असतं. त्याच्या खाली चिकट ओघळ दिसला आणि इंजिन त्या बाजूला खचलेलं वाटलं, तर आणखी पुरावा नको. रबरावरच्या बारीक भेगांना घाबरू नका. रबर धातूपासून सुटलं तरच ते बाद. टॉर्क रॉडच्या रबरातल्या पोकळ्या मात्र कंपनीनेच ठेवलेल्या असतात. त्या फाटल्याची खूण समजून चांगला रॉड फेकला जातो. टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलवून बघा, फाटलेलं असेल तर काप उघडतो.

इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणातून, म्हणजे टॅपेट कव्हरमधून, ऑइल पाझरून माउंटिंगवर पडत असेल, तर आधी ते पॅकिंग बदला. ऑइलने रबर फुगतं, मऊ पडतं, आणि नवं माउंटिंगही त्याच वाटेने जातं.

माल घ्यायला इंदूरचा स्पेअर पार्टचा बाजार, छोटी ग्वालटोली, आहेच. तिथे माउंटिंगला ‘फाउंडेशन’ म्हणतात, तेच मागा आणि गाडीचं वर्ष, पेट्रोल की डिझेल, मॅन्युअल की ऑटोमॅटिक हे सांगा. एकाच गाडीत या फरकांनी नग बदलतो. जुनं काढून शेजारी ठेवून जुळवता आलं, तर उत्तम. कंपनीचा नाही तर नावाजलेल्या ब्रँडचा नग घ्या. स्वस्त नकलेचं रबर कडक असतं. ते टिकेलही, पण थरथर सगळी बॉडीत उतरवतं आणि खर्च करूनही गाडी आधीपेक्षा वाईट वाटते.

हत्यारं अशी: दोन टनी हायड्रॉलिक जॅक, दोन घोड्या (जॅक स्टँड), १० ते १९ मिमीचा गोटी पान्यांचा सेट, लांब दांडा, टॉर्क रेंच, गंज सोडवणारा स्प्रे, आणि साधारण ३० बाय १५ सेंमीची दोन इंच जाड लाकडी फळी. पेटीची कुजकी फळी नको. काम फरशीवर किंवा काँक्रीटवरच करा. माळव्याच्या काळ्या मातीत, विशेषतः पावसाळ्यात, घोडीचा पाय हळूहळू रुततो आणि ते लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. बोल्टवर आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवा. मे महिन्यात तर सकाळीच काम उरका. गरम सायलेन्सरजवळ हात घालायचा असतो.

आता मुख्य गोष्ट. एका वेळी एकच माउंटिंग सोडायचं. तिन्ही एकदम सोडली, तर इंजिन सरकतं, भोकं जुळत नाहीत, आणि त्याचं वजन ड्राइव्ह शाफ्टवर, होजवर आणि सायलेन्सरच्या जाळीदार नळीवर येतं.

टायमिंगच्या बाजूपासून सुरुवात करा. कूलंटची बाटली आड येत असेल, तर पाइप न काढता ती नुसती बाजूला घ्या. जॅकवर फळी ठेवून ऑइल चेंबरखाली (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली) लावा, ती चेंबरच्या कडेला भरभक्कम टेकली पाहिजे. ड्रेन बोल्टवर किंवा पत्र्याच्या मधोमध जोर आला, तर चेंबर आत दबतं. त्याच्या तळाशी अगदी जवळच ऑइल ओढणारी जाळी असते. पत्रा तिला टेकला, की इंजिनला ऑइल कमी पडतं. अॅल्युमिनियमचं चेंबर असेल, तर ते सरळ तडकतं. जॅक इतकाच उचला, की माउंटिंगवरचा भार हलका होईल. बॉडी वर यायला लागली, तर जास्त झालं. दोन-तीन सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नका. उचलताना रेडिएटरच्या होजवर आणि एसीच्या नळ्यांवर नजर ठेवा.

ब्रॅकेटच्या कडेने मार्करने रेघ ओढून ठेवा, मग बोल्ट काढा. गाडी फक्त जॅकवर असताना खाली शिरायचं नाही. नवं बसवताना प्रत्येक बोल्ट हातानेच चार-पाच आटे फिरवा. भोक जुळत नसेल, तर जॅक किंचित वर-खाली करा किंवा दांड्याने इंजिन ढकला. बोल्ट पान्याने दामटू नका. अॅल्युमिनियममधले आटे एकदा गेले, की पाच मिनिटांचं काम लेथवाल्याकडे जातं.

गिअरबॉक्सच्या बाजूला बहुतेक वेळा बॅटरी, तिचा ट्रे आणि एअर फिल्टरचा डबा काढावा लागतो. निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडा. जॅक इथे गिअरबॉक्सच्या अॅल्युमिनियम खोक्याच्या सपाट भागाखाली. अर्थची पट्टी याच बोल्टखाली असेल, तर ती घासून स्वच्छ करून परत लावा. राहून गेली, तर सेल्फ मलूल फिरतो आणि लोक बॅटरीला शिव्या देतात.

टॉर्क रॉडसाठी पुढची बाजू दोन घोड्यांवर घ्या. इंजिनचं वजन या रॉडवर नसल्यामुळे काम सोपं, पण तिन्हींचे बोल्ट अजून पूर्ण कसू नका. आधी जॅक काढून इंजिन नव्या माउंटिंगवर बसू द्या, बोल्ट हलके कसलेले असताना इंजिन हाताने तीन-चार वेळा पुढे-मागे हलवा. मग टायमिंगची बाजू, मग गिअरबॉक्स आणि शेवटी टॉर्क रॉड कसा. इंजिन वाकडं धरून कसलं, तर रबर कायम पिळलेलं राहतं. पुष्कळदा नवं माउंटिंग सहा महिन्यांत फाटतं ते यामुळेच.

किती कसायचं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. अंदाजासाठी, ८.८ दर्जाच्या १० मिमी बोल्टला साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर आणि १२ मिमीला ७५ ते ८५ लागतात. ही जाडी बोल्टची, पान्याची नव्हे. बोल्ट अॅल्युमिनियममध्ये जात असेल, तर मॅन्युअलच्या आकड्यापलीकडे जराही जोर नको. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत यातले पुष्कळ बोल्ट ताणून बसणारे असतात, ते दरवेळी नवेच लावायचे. तिथे टॉर्कनंतर बोल्ट आणखी किती अंश फिरवायचा तो कोनही मोजावा लागतो. सबफ्रेम (इंजिनखालची लोखंडी चौकट) खाली उतरवल्याशिवाय माउंटिंग निघत नसेल, तर ते काम लिफ्ट असलेल्या गॅरेजला द्या.

पहिल्यांदा करणाऱ्याचा तिन्हींत अर्धा दिवस जातो. झाल्यावर एसी चालू-बंद करून बघा, मग सिमरोलच्या रस्त्याने एक फेरी मारा. नवं रबर बसेपर्यंत सुरुवातीला किंचित थरथर जाणवू शकते. ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने एकदा तपासा. तेव्हाही ‘धप्’ येत असेल, तर खालच्या आर्मचे बुश आणि ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट बघा.