गावातील कुटुंबांची लोकसंख्या-रचना कशी मांडावी

ग्रामपंचायतीचा विकास आराखडा करताना, पाण्याच्या टाकीची क्षमता ठरवताना किंवा अंगणवाडीसाठी दुसरी खोली मागताना गावात माणसे किती आहेत आणि ती कोण आहेत, हा प्रश्न आधी येतो, आणि बहुतेक ठिकाणी उत्तरादाखल २०११ च्या जनगणनेचा आकडा पुढे केला जातो. २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख, म्हणजे ज्या दिवसाची स्थिती नोंदली जाते तो दिवस, १ मार्च २०२७ ही ठरलेली आहे. मधल्या काळात विदर्भाच्या कापूस पट्ट्यातली तरुण मुले पुण्या-नागपूरला गेली, सुना आल्या, म्हातारी माणसे एकटी पडली. ही रचना गावाला स्वतः मोजता येते. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, एखादा शिक्षक आणि बारावी झालेली चार मुले-मुली एवढे मनुष्यबळ दोनशे-तीनशे कुटुंबांच्या गावाला पुरते.

मोजणीपूर्वी कुटुंब कशाला म्हणायचे ते ठरवावे, कारण पुढच्या साऱ्या गोंधळाचे मूळ येथेच असते. जनगणनेच्या व्याख्येनुसार जी माणसे सामान्यतः एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरात जेवतात, त्यांचे एक कुटुंब होते. म्हणजे मोजायची ती चूल, घर नव्हे. एकाच वाड्यात दोन भाऊ राहतात, अंगण एक, दरवाजा एक, पण वहिनी वेगळी चूल पेटवते, तर ती दोन कुटुंबे होतात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, मात्र तेथे मोठ्या भावाच्या नावाची एकच मालमत्ता दिसते. शेतात गोठ्याशेजारी राहणाऱ्या सालगड्याचे उदाहरण याहून नाजूक आहे. तो मालकाच्या घरी जेवत असेल तर मालकाच्या कुटुंबात धरावा. त्याची बायको-मुले सोबत असून स्वयंपाक वेगळा होत असेल तर ते स्वतंत्र कुटुंब आहे, मग त्यांच्या नावावर गावात एक वीटही नसली तरी चालेल. महिना-महिना आळीपाळीने दोन मुलांकडे जेवणारी आई संदर्भ तारखेला ज्या चुलीवर असेल तेथेच लिहावी.

यानंतर वस्त्या वेगळ्या कराव्यात. जनगणनेचा आकडा महसुली गावाचा असतो आणि त्यात मूळ गाव, तीन किलोमीटरवरचा तांडा, कोलाम पोड, पारधी बेडा किंवा झाडीपट्टीतला टोला हे सगळे एकत्र मिसळलेले असते. गट ग्रामपंचायत असेल तर त्याउलट दोन-तीन महसुली गावांचे आकडे एकत्र करावे लागतात, आणि एखादे रिठी गाव यादीत नाव असूनही शून्य लोकसंख्येचे निघते. म्हणून प्रत्येक वस्तीचा नजरी नकाशा काढावा. जनगणनेच्या रिवाजाप्रमाणे वायव्य कोपऱ्यातून सुरुवात करून घरांना क्रमांक देत आग्नेयेकडे जावे. बंद घरालाही क्रमांक द्यावा. बंद घर नकाशावर नसेल, तर ते कुटुंब कामावर गेले आहे की गाव सोडून गेले आहे, हे नंतर कोणीच तपासत नाही.

संदर्भ तारीख ठरवणे हे विदर्भात सर्वांत अवघड काम आहे. मेळघाटातील कोरकू कुटुंबे दिवाळीनंतर मजुरीसाठी अमरावती-अकोल्याच्या सपाट भागात उतरतात आणि होळीला परततात; गडचिरोलीतून मिरची तोडायला माणसे तेलंगणात जातात; मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात अख्खे घर पहाटेपासून जंगलात असते; पूर्वेकडील धानाच्या जिल्ह्यांत रोवणीच्या दिवसांत दुपारी दारावर कोणी भेटत नाही. सालगड्यांचे करार गुढीपाडव्याला बदलतात, त्यामुळे पाडव्याच्या आगेमागे मोजणी केल्यास तेच कुटुंब दोन गावांत लागू शकते किंवा दोन्हीकडून सुटू शकते. माझ्या मते ज्या गावातून स्थलांतर होते तेथे होळीनंतरचा पण पाडव्याआधीचा आठवडा उत्तम, आणि कापसाच्या गावांत वेचणी आटोपल्यानंतरचा काळ बरा. संध्याकाळी दिवे लागल्यावर जावे. तारीख कोणतीही घेतली तरी एकच घ्यावी आणि प्रत्येक कागदावर लिहावी.

प्रत्येक व्यक्तीपुढे ‘गावात’, ‘हंगामी बाहेर’ आणि ‘सहा महिन्यांहून अधिक बाहेर’ असे तीन रकाने ठेवावेत. तिसऱ्या रकान्यातील माणसे एकूण संख्येत धरू नयेत, पण लिहून ठेवावीत. बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक तिच्या सासरच्या गावची समजावी. आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात राहणारी मुले जनगणनेत त्या संस्थेच्या ठिकाणी, संस्थात्मक कुटुंबात मोजली जातात. त्यामुळे धारणी-चिखलदरा किंवा भामरागडसारख्या तालुक्यांत आश्रमशाळा असलेले गाव फुगलेले दिसते आणि आजूबाजूच्या पाड्यांत दहा-बारा वर्षांची मुलेच नाहीत असा भास होतो. आपल्या मांडणीत घरगुती लोकसंख्या आणि संस्थेतील लोकसंख्या यांची बेरीज वेगवेगळी दाखवावी. कुटुंबाचा सरासरी आकार काढताना संस्थेतील मुले चुकूनही धरू नयेत.

कुटुंबातील माणसे विचारताना ‘घरात किती जण’ असे विचारले की तान्हे मूल आणि अंथरुणाला खिळलेली आजी हमखास सुटतात. त्यापेक्षा रात्री या चुलीवर कोण कोण जेवले, असे एकेक नाव घेत विचारावे आणि शेवटी दूध पिणारे बाळ वेगळे विचारावे. वयाबाबत सबुरी लागते. शाळेच्या दाखल्यावरची १ जून किंवा १ जुलै ही जन्मतारीख बहुधा गुरुजींनी प्रवेशाच्या दिवशी बसवलेली असते, आणि चाळिशीपुढची माणसे वय पाचाच्या पटीत सांगतात. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांच्यासाठी गावातल्या ठळक घटनांची एक पट्टी आधी तयार करावी: १९५६ चा नागपूरचा धम्मदीक्षा सोहळा, १९७२ चा दुष्काळ, गडचिरोलीकडे १९८२ ची जिल्हानिर्मिती, नरखेडच्या बाजूला १९९१ चा मोवाडचा महापूर. ‘आजी, बहात्तरच्या दुष्काळात तुमचं लग्न झालं होतं का, पोरंबाळं होती का?’ या एका प्रश्नाने वय दोन-तीन वर्षांच्या फरकाने हाती लागते. सहा वर्षांखालील मुलांची जन्मतारीख मात्र अंगणवाडीच्या नोंदवहीतूनच उतरवावी. नोंदी पूर्ण झाल्यावर २३ ते ६२ वयाच्या सर्वांमध्ये शेवटी शून्य किंवा पाच असलेली वये किती आहेत ते पाहावे. दहा अंकांपैकी हे दोन, म्हणून ती एकपंचमांशाच्या आसपास असतील तर नोंद विश्वासार्ह आहे. एकतृतीयांशाकडे गेली असतील तर प्रत्येक वयाचा तक्ता करण्याऐवजी रुंद वयोगट वापरणे शहाणपणाचे ठरेल.

धर्म, प्रवर्ग आणि मातृभाषा हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांत मिसळू नयेत. बौद्ध धर्मीयांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने लागू झाल्या. त्यामुळे एकच कुटुंब धर्माच्या तक्त्यात बौद्ध आणि प्रवर्गाच्या तक्त्यात अनुसूचित जाती असे दोन्हीकडे येते, आणि ‘बौद्ध’ एवढ्या उत्तरावर थांबल्यास प्रवर्गाचा रकाना रिकामा राहतो. यवतमाळ-वाशिमकडील बंजारा तांड्यांची अडचण निराळी आहे. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत येतात, तर शेजारच्या तेलंगणात लंबाडी अनुसूचित जमातींत मोडतात; २०११ च्या गावनिहाय गोषवाऱ्यात फक्त अनुसूचित जाती आणि जमाती वेगळ्या दिलेल्या असल्यामुळे अख्खा तांडा ‘इतर’मध्ये विरघळून जातो. कोलाम आणि माडिया गोंड या विशेष असुरक्षित आदिवासी गटांतील कुटुंबे अनुसूचित जमातींच्या आत स्वतंत्र दाखवावीत, कारण त्यांच्यासाठीच्या योजनाही स्वतंत्र आहेत.

कुटुंबप्रमुख कोण, हे घरच्यांनाच विचारावे. रेशनकार्डावरून ठरवू नये. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ नुसार शिधापत्रिकेसाठी घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडीलधारी स्त्री प्रमुख धरली जाते, म्हणून कार्डे मोजली तर महिलाप्रमुख कुटुंबांचा आकडा भलताच वाढतो. ज्या घरात कर्ता पुरुष नाही आणि विधवा किंवा परित्यक्ता स्त्री शेती व मजुरीवर घर चालवते, ती घरे खरी मोजायची आहेत. कापूस पट्ट्यातील कित्येक गावांत यांची संख्या एकूण लोकसंख्येहून अधिक बोलकी असते.

गणिते साधी आहेत. एकूण माणसे भागिले चुली म्हणजे कुटुंबाचा सरासरी आकार. पण एवढ्यावर न थांबता एकट्या व्यक्तीची कुटुंबे आणि दोघेही साठीपुढचे असलेली कुटुंबे वेगळी मोजावीत, कारण संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांचे अर्ज तेथूनच निघतात. पंधरा वर्षांखालील व साठ वर्षांवरील माणसांच्या बेरजेला १५ ते ५९ वयाच्या संख्येने भागून शंभराने गुणले की अवलंबित्वाचे प्रमाण मिळते. साक्षरता सात वर्षांवरील लोकसंख्येवरच काढावी. लिंग-गुणोत्तराबाबत मात्र हात राखून बोलावे. समजा, गावात शून्य ते सहा वयाची ४० मुले आहेत, त्यांत २२ मुलगे व १८ मुली. गुणोत्तर, म्हणजे हजार मुलग्यांमागे मुली, ८१८ येते आणि ग्रामसभेत खळबळ उडते. त्यांतला एक मुलगा मुलगी असता तर तेच ९०५ झाले असते. एवढ्या लहान संख्येवरून गावाला दोष देता येत नाही. जन्मनोंदणीच्या रजिस्टरातील दहा वर्षांचे जन्म एकत्र घ्यावेत किंवा शेजारची चार गावे जोडावीत. प्रौढांचे गुणोत्तर पाहतानाही सावध राहावे. २०११ मध्ये राज्याचे गुणोत्तर ९२९ होते आणि गोंदिया जिल्ह्यात स्त्री-पुरुषांची संख्या जवळजवळ सारखी होती, पण एखाद्या गावात स्त्रिया जास्त दिसल्या तर पुरुष कामासाठी बाहेर गेले आहेत का, हे आधी ‘बाहेर’च्या रकान्यात तपासावे.

शेवटी आपली बेरीज मतदार यादी, रेशन, आशा सेविकेची नोंदवही आणि नमुना ८ यांच्याशी ताडून पाहावी. ती जुळणार नाही, आणि जुळवण्यासाठी आकडे ओढूताणून बसवू नयेत. मतदार यादीत पुण्याला गेलेला मुलगा असतो, रेशनमध्ये लग्न होऊन गेलेली लेक असते, आशाच्या वहीत माहेरी आलेली गरोदर बाई असते. प्रत्येक तफावतीपुढे कारणाची एक ओळ लिहावी. आधार क्रमांक कोठेही उतरवू नये. ग्रामसभेत मांडायच्या तक्त्यात पाचपेक्षा कमी कुटुंबांचा गट शेजारच्या गटात मिसळावा, म्हणजे फलकावरून कोणाचे घर ओळखू येणार नाही. भरलेले मूळ कागद ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) ताब्यात सीलबंद ठेवावेत आणि वस्तीनिहाय गोषवाऱ्याची एक प्रत, संदर्भ तारीख व कुटुंबाची वापरलेली व्याख्या यांसह, ग्रामसभेच्या इतिवृत्ताला जोडावी.