कार्बन एनएमआरला ट्यूब लावण्याआधी

संध्याकाळी एनएमआरचं (जोरदार चुंबकात ठेवलेल्या रेणूतल्या अणूंचे सिग्नल नोंदवणारं) मशीन मोकळं मिळालं की हात आपसूक स्कॅनच्या, म्हणजे तीच मोजणी किती वेळा करायची त्याच्या, आकड्याकडे जातो. टाका दहा हजार, सकाळी बघू. माझं ऐका, आधी वजनकाट्याकडे जा.

स्कॅन चौपट केले की सिग्नल चौपट साठतो, पण नॉइज (सिग्नलमधली खरखर) कधी वर कधी खाली असल्याने दुप्पटच साठतो. म्हणजे चौपट वेळ देऊन फायदा दुप्पट. नमुना दुप्पट विरघळवला तर तेवढाच फायदा एकही जादा स्कॅन न घेता मिळतो. एनएमआरला दिसतो तो कार्बन-१३, आणि तो निसर्गात जेमतेम १.१ टक्के, त्यामुळे इथे प्रत्येक मिलिग्रॅमला किंमत आहे. मी एकदा ५ मिग्रॅ घेऊन रात्रभर मशीन चालवलं, तरी कार्बोनिलचा (ऑक्सिजनशी दुहेरी बंध असलेल्या कार्बनचा) पीक, म्हणजे आलेखावरचा उंचवटा, दिसेना आणि अभिक्रियाच फसली असं धरून बसले. पुढच्या आठवड्यात त्याच पदार्थाचे २० मिग्रॅ घेतले, तासाभरात पीक उभा.

नमुना सुमारे ०.६ मिली डॉयटेरेटेड (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेल्या) क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा. पाश्चर पिपेटमध्ये कापसाचा छोटा बोळा घट्ट बसवा आणि त्यातून गाळूनच ट्यूबमध्ये घ्या. मग ट्यूब दिव्यासमोर धरून हळूच तिरकी करा. तरंगणारा एखादा धागा, तळाशी बसलेला बारीक कण, काहीही दिसलं तर पुन्हा गाळा, कारण असे कण शिमिंग (चुंबकीय क्षेत्र नमुन्यात सगळीकडे एकसारखं करणं) बिघडवतात आणि रेषा पसरतात. द्रवाची उंची साडेचार-पाच सेंटिमीटर हवी. ट्यूब बाहेरून पुसा, स्पिनरमध्ये (ट्यूबच्या धारकात) घालून ती किती खोल बसली ते गेजवर मापा. मोबाइल, घड्याळ, बँकेची कार्डं बाहेर ठेवा. पेसमेकर असलेल्या माणसाने आत जायचंच नाही.

लॉक (ड्युटेरियमच्या सिग्नलवरून चुंबकीय क्षेत्र जागेवर धरून ठेवणारी सोय) लागला का, हे घाईत बघू नका. सगळे स्कॅन मेमरीत बिंदूवर बिंदू बेरजेने साठतात. मधेच चुंबकीय क्षेत्र सरकलं तर पीक उंच होण्याऐवजी रुंद होतो, आणि रात्रभराची मेहनत पसरट टेकडी होऊन बसते. म्हणून लॉक स्थिर, तापमान स्थिर, शिमिंग नीट, मगच पुढे. रिसीव्हर गेनही (सिग्नल किती मोठा करून घ्यायचा ते) तपासा. तो जास्त झाला तर एफआयडीचं (विरत जाणाऱ्या कच्च्या सिग्नलचं) टोक कापलं जातं आणि फूरिए रूपांतरानंतर (कच्च्या सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणाऱ्या गणितानंतर) बेसलाइन, म्हणजे आलेखाची तळरेषा, वेडीवाकडी होते. ते नंतर कितीही प्रोसेसिंग केलं तरी सुधारत नाही.

आधी प्रोटॉन (हायड्रोजनचा) स्पेक्ट्रम काढा, दोन-चार मिनिटांत शुद्धतेचा अंदाज येतो. मग कार्बनचे फक्त ६४ स्कॅन. ४०० मेगाहर्ट्‌झच्या मशीनवर १.३६ सेकंद नोंदणी आणि दोन स्कॅनमध्ये २ सेकंद विश्रांती धरली तर हे साडेतीन मिनिटांचं काम. आलेखाच्या आडव्या मापावर ७७ पीपीएमला क्लोरोफॉर्मच्या तीन सारख्या रेषा दिसतात ना? तुमचे मोठे पीक डोकं काढतात का? छोट्यांना अजून चौपट स्पष्टता हवी असेल तर सोळापट, म्हणजे १०२४ स्कॅन, जवळजवळ तासभर. आकडा असा काढायचा, अंदाजाने नव्हे. १९६६ मध्ये एर्न्स्ट आणि अँडरसन यांनी सगळ्या फ्रिक्वेन्सी एकाच पल्समध्ये (रेडिओलहरींच्या क्षणिक झटक्यात) उठवून फूरिएने वेगळ्या करण्याची पद्धत दिली, म्हणून तर हे तासाभरात होतं. एकेक फ्रिक्वेन्सी चाळत बसलो असतो तर कार्बनचं नाव काढलं नसतं.

हायड्रोजन न जोडलेले कार्बन पल्सनंतर सावकाश पूर्वपदावर येतात, त्यांच्यासाठी पल्सचा कोन ३० अंशांच्या आसपास आणि विश्रांती थोडी जास्त ठेवा. तरी त्यांचे पीक ठेंगणेच राहणार, तेव्हा साध्या कार्बन स्पेक्ट्रमचं इंटिग्रेशन करून (पीकखालचं क्षेत्रफळ काढून) कार्बन मोजू नका. नोंदलेल्या सिग्नलच्या शेवटी शून्य भरून बिंदू वाढवले की आलेख गुळगुळीत दिसतो, नवीन माहिती मिळत नाही.

वहीत मिलिग्रॅम, सॉल्व्हंट, स्कॅन, विश्रांती, तापमान लिहा. आणि स्पेक्ट्रम डोळ्यांनी पाहून, फाइल सेव्ह करून झाल्याशिवाय ट्यूब रिकामी करू नका.